दगड नाही, चरबी नाही

बाकिस उंबऱ्यावर बसला. पातळ कडक भाकरी मांडीवर ठेवली, चाकू उघडला, चीजचे दोन लांबट तुकडे केले, पातं पाटलोणीला पुसलं आणि उंबऱ्याच्या दगडावर पात्याचे दोन हात मारले. एक इकडून, एक तिकडून. सर्र, सर्र.

चुलीपाशी उभ्या असलेल्या बोनारियाच्या हातातली पळी तशीच राहिली.

"काय केलंस?"

"काय केलं?"

"आत्ता. त्या दगडावर."

बाकिसने दगडाकडे पाहिलं, मग चाकूकडे, मग बायकोकडे. आपल्या हाताने काय केलं हे त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. आठवड्याभराचा चिखल त्याच्या बुटांवर होता, डोळे झोपेने जड झाले होते, आणि तोंडातला घास गिळावा की थांबावं हेही त्याला कळेना.

"धार लावलीस!" बोनारिया ओरडली. "लावू नको म्हणून घसा कोरडा केला मी. सकाळी जाताना सांगितलं, पिशवीत भाकरी भरताना सांगितलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत लावलीस!"

"मी नाही लावली," बाकिस म्हणाला. "हाताने लावली."

आतल्या खोलीत, शेगडीजवळच्या खुर्चीत बसलेल्या तिच्या म्हाताऱ्या सासऱ्याने, प्रेदूने, खाकरून घसा साफ केला. तो बोलण्याआधी नेहमी खाकरायचा, जसा पाद्री प्रवचनाआधी खाकरतो.

"पुन्हा पहिल्यापासून," तो म्हणाला.

बोनारियाने पळी भांड्यात अशी टाकली की रस्सा भिंतीवर उडाला.

त्या हिवाळ्यात नोव्हेंबरातल्या मृतांच्या सणापासून जो पाऊस लागला होता तो उसंत घेत नव्हता. डोंगरावरचं गवत पाण्यात उभं होतं आणि गवतात मेंढ्या उभ्या होत्या. त्यांचे खूर सडायला लागले. सारडिनियाच्या त्या भागातला प्रत्येक मेंढपाळ दिवसभर मेंढी पालथी घालून, तिचा पाय गुडघ्यात दाबून खूर तासत होता. हातात चाकू, चाकूला चिखल, मूत, पू. संध्याकाळी त्याच चाकूने चीजच्या कडा कापायच्या आणि तोच हात खाऱ्या पाण्याच्या पिंपात घालायचा. प्रेदूला डोंगरात सगळे तिऊ, म्हणजे काका, म्हणत; त्याने घडवलेले चाकू, ज्यांच्या मेंढ्याच्या शिंगाच्या मुठी बापाकडून मुलाकडे जायच्या, ते लाल पडले, मग काळे पडले, मग पात्यांना देवीचे वण पडावेत तशी भोकं पडली. धार धरायचे, पण अंगच उरत नव्हतं. मेंढपाळ चौकातल्या गाडीवरून कारखान्याचे चकचकीत चाकू घ्यायला लागले. ते गंजत नव्हते. तिसऱ्या खुराला बोथट व्हायचे, मग ते कुंपणात फेकून दुसरा घ्यायचा.

भट्टी थंड पडली. प्रेदूच्या डोळ्यांत ढग उतरला होता आणि हात पानासारखे थरथरत होते. बाकिस त्याचा एकुलता मुलगा, पण त्याला विस्तवापेक्षा मेंढ्यांचं जास्त कळायचं. लहानपणीच तो भात्यापाशी बसला की रडायचा म्हणे. भाता धरला तो सुनेने. नवी नवरी होऊन आली तेव्हा भाता, मग सांडस, मग हातोडा. आता ती सगळंच करत होती. फक्त पात्याच्या मुळाशी तो छोटा चंडोल पक्षी उमटवत नव्हती. तो ठसा प्रेदूच्या उशाशी, जपमाळेच्या डबीत असायचा. चंडोल नसलेला चाकू त्या डोंगरात कोणी खिशात घालत नसे. आणि किनाऱ्यावरच्या एका हॉटेलवाल्याने ऐरण मागितली होती. दारात ठेवून तिच्यावर फुलांची कुंडी मांडायची म्हणाला. प्रेदूने त्याला सांगितलं होतं, ईस्टर होऊ दे, मग बोलू. ऐरण गेली की बोनारियाला त्याच हॉटेलात चादरी धुवायला जावं लागणार होतं, हे घरात कोणी बोलत नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं.

तिने शहरातून गंज न धरणाऱ्या पोलादाची पट्टी आणवली होती. पोलाद तापवताना या घरात वेळ मोजायची ती स्तोत्रावर. गावच्या संताच्या स्तोत्राचं एक कडवं म्हणून होईतो पातं लालीत ठेवायचं आणि मग तेलात बुडवायचं. नव्या पोलादाला एक कडवं पुरेना. पहिली दोन पाती मऊ निघाली, बोटाने वाकावीत अशी. तिसऱ्या वेळी तिने जाळ आणखी वाढवला, लाली पार पिवळी झाली, आणि तिने सगळं स्तोत्र म्हटलं. संताचा जन्म, त्याची गुहा, त्याचा छळ, आणि ते शेवटचं कडवंही, जे आता देवळात म्हणायला कोणी उरलं नव्हतं. मग ते तेलात बुडवलं आणि भाकरी भाजून झाल्यावर, ठिसूळपणा जावा म्हणून, निवत आलेल्या भाकरीच्या भट्टीत ठेवलं. त्याचा मोठा घडीचा चाकू झाला, मिटला तरी मुठीबाहेर डोकावेल एवढा.

प्रेदूने तो हातात घेतला होता, उघडला होता, मिटला होता. बिजागरीचा आवाज कानाशी धरून ऐकला होता.

"चमकतो म्हणे?"

"चमकतो, बाब्बू."

"चमचाही चमकतो. मेंढपाळाच्या खिशात राहू दे. चाळीस दिवस उपासाचे जेवढे, तेवढे तरी. दगड नाही, चरबी नाही. खूर तासून, खाऱ्या पाण्यात जाऊन, शेवटी ईस्टरचं कोकरू सोलून दाखव. मग चंडोलाचं बघू."

आणि घरात मेंढपाळ एकच होता.

दुसऱ्यांदा बाकिसने मनापासून प्रयत्न केला. उंबऱ्यावर बसायचंच सोडलं. भाकरी खायला तो उभा राहायचा, नाहीतर भिंतीकडे पाठ करून खाटेवर बसायचा, जणू दगड त्याला हाक मारत होता. बोनारिया रोज संध्याकाळी चाकू मागून घ्यायची, उघडायची, नखावर धार टेकवून बघायची. बरं चाललं होतं. मग एका संध्याकाळी पातं उघडताना बोट सरकलं.

तिने बोटं नाकाला लावली.

"बाकिस."

"काय?"

"डुकराचा वास येतोय."

"सॉसेज कापलं."

"बिजागरीत सॉसेज कापलं?"

बाकिसने डोकं खाजवलं. "कुरकुरत होता ग. उघडताना असा आवाज करत होता, मेंढी आजारी असली की करते तसा. थोडी चरबीची साल फिरवली. पात्याला नाही, फक्त सांध्याला. पात्याला चुकून लागली असेल."

"कुरकुरू दे ना! त्याने कुरकुरावं, गंजावं, मरावं, हेच तर बघायचंय मला!"

"बघवत नाही," बाकिस म्हणाला, आणि खरंच त्याला बघवत नव्हतं. हातातली वस्तू राखावी एवढंच त्याच्या बापाने त्याला शिकवलं होतं.

आतून खाकरणं ऐकू आलं.

"सॉसेज चालेल," प्रेदू म्हणाला. "सॉसेज हे काम आहे. साल फिरवणं हे काम नाही."

"बाब्बू, तुम्ही न्यायाधीश व्हायला हवं होतं," बोनारिया म्हणाली.

"पुन्हा पहिल्यापासून," म्हातारा म्हणाला, आणि जपमाळ पुढे सरकवली.

तिने चाकू उकळत्या राखेच्या पाण्याने धुतला, नव्याने धार लावली आणि पहाटे बाकिसच्या हातात ठेवला. या वेळी तिने त्याला संताची शपथ घातली. शपथ बाकिसने पाळली. दगडापासून तो लांब राहिला, चरबीपासून लांब राहिला. उपासाचे दिवस जवळ आले, ते ज्या दिवशी सुरू होतात तो राखेचा बुधवार तोंडावर आला. पाऊसही जरा ओसरला. बोनारियाला वाटायला लागलं की देवाला दया आली.

मग शेजारच्या रानातला झुआने आला. हसतमुख, मिशीवर पावसाचे थेंब, हातात बोनारियाचा चाकू.

"घे. आभारी आहे. माझा ओढ्यात पडला, बाकिसने हा दिला होता. अख्खा कळप तासला याने." त्याने चाकू उघडून दाराच्या उजेडात धरला. "आणि बघ, कसा परत आणलाय."

बोनारियाने धार नखावर टेकवली. नख कांद्याच्या सालीसारखं सोललं गेलं.

तिने पातं त्याच्या नाकासमोर धरलं.

"तू धार लावलीस, झुआने?"

"लावली? रात्रभर बसलो होतो. काळ्या दगडावर आधी, मग चामड्यावर. मिशी कापते बघ." आणि त्याने चाकू घेऊन मिशीचं एक टोक खरंच कापून दाखवलं.

"कोणी सांगितलं होतं तुला?"

झुआनेचं हसू गेलं. तो अंगणात सरळ उभा राहिला. "सांगायला लागतं का? उसना घेतलेला चाकू बोथट परत करू? माझ्या बापाने आयुष्यात कोणाचा चाकू बोथट परत केला नाही. तुझ्या सासऱ्याला विचार."

"मला काय विचारायचंय," आतून प्रेदू म्हणाला. "तुझ्या बापाने माझा एकदा घेतला होता, तर परत दिल्यावर दाढी केली मी त्याने. बस, झुआने. दारू घे."

"बसतो, तिऊ प्रेदू. पण तुमची सून माझ्यावर का चिडलीय?"

बोनारियाने दार ढकललं. ती परसात गेली, कोंबड्यांच्या खुराड्याशी उभी राहून तिने देवाला, बाकिसला, झुआनेला, झुआनेच्या बापाला आणि या डोंगरातल्या सगळ्या चांगल्या रीतीभातींना एका दमात ऐकवलं. कोंबड्या गप्प झाल्या. मग ती आत आली, चाकू एप्रनच्या खिशात टाकला आणि म्हणाली, "आता हा माझ्या खिशात राहील. उद्या राखेचा बुधवार, पहिल्यापासून चाळीस दिवस मोजा. मी मेंढवाड्यावर जाते."

"मी मेंढपाळाच्या खिशात म्हणालो होतो," प्रेदू म्हणाला.

"दूध काढणार, खूर तासणार, मीठ लावणार. मेंढपाळ आणखी कसा असतो, बाब्बू? मिशी लागते?"

झुआनेने हसू दारूच्या प्याल्यात लपवलं. प्रेदूने माळेचा एक मणी ओढला.

"मिशी नाही लागत," तो म्हणाला.

मेंढवाड्यावरचं काम तिला अनोळखी नव्हतं, पण रोजचं नव्हतं. पहिल्या दिवसांत तिची कंबर मोडून आली. मेंढी पाठीवर लोळवायची, मागून तिला मांडीत धरायचं, पाय वर घ्यायचा आणि खुराची मेलेली कड अशी तासायची की रक्त येता कामा नये आणि सड राहता कामा नये. मेंढ्या लाथा मारायच्या. चिखल तोंडात जायचा. चाकू चिखलाने माखायचा, आणि तिचा हात आपोआप एप्रनकडे जायचा पुसायला. तेव्हा तिला कळलं बाकिसचं काय होत होतं. ती हात मागे घ्यायची, दात ओठांवर रोवायची, आणि घाणेरडं पातं तसंच मिटून खिशात टाकायची.

"पुस की," बाकिस म्हणायचा.

"गप बस."

"पुसणं म्हणजे दगड नाही, चरबीही नाही. बाब्बूने पुसण्याचं काही म्हटलेलं नाही."

"मी म्हटलंय."

ती त्याने बुचाच्या झाडाची साल कापायची, कोकरांच्या मानेचे दोर कापायची, काटेरी झुडपं कापायची. दुपारी चीजच्या गोळ्यांच्या कडा. संध्याकाळी पातं उघडून खाऱ्या पाण्याच्या पिंपात टाकायची आणि रात्रभर तिथेच ठेवायची. पहिल्यांदा तिने असं केलं तेव्हा बाकिस बाहेर निघून गेला आणि अंधारात मेंढ्यांशी बोलत बसला. सकाळी ती डोळे मिटून हात पिंपात घालायची. पातं बाहेर यायचं, मिठाने पांढरं. धुतलं की तसंच, करडं, स्वच्छ.

दूध घालायला ती डेअरीवर जायची तिथे चार मेंढपाळ कॅनवर बसून सिगारेटी ओढत असायचे.

"आली. खिशात तलवार आहे का आज?"

"दाखव ग बोनारिया. लोणी कापतं का?"

"लोणी नको, तिच्या सासऱ्याचं मन कापायचंय तिला. ते जरा जाड आहे."

एकाने चाकू घेतला, बुटाच्या तळव्याची कड कापून बघितली आणि पातं नीट मिटून दोन्ही हातांनी परत दिला. तेवढं तिला पुरे झालं. पण परतताना तिला ठाऊक होतं की पात्याच्या पोटाकडची धार, जिथे खूर रोज लागतो तिथली, आता पहिल्यासारखी चावत नाही. नखावर ठेवली की तिथे सरकायची. तिने ते कोणाला सांगितलं नाही. वाटेवर एक सपाट काळा दगड होता, पावसाने गुळगुळीत झालेला, चाकूसाठीच घडवल्यासारखा. ती त्याच्यापाशी थांबली. दोनच हात, इकडून एक, तिकडून एक. कोणी बघत नव्हतं. मग तिने त्या दगडाला एक लाथ घातली, पाय दुखावून घेतला, आणि लंगडत घरी आली.

ईस्टरआधीचा, ताडाच्या फांद्यांचा रविवार गेला. सोमवारी सगळ्या वाड्यांवर ईस्टरची कोकरं कापायची होती. बाकिसने बापाला गाडीतून आणलं. प्रेदू एका उलट्या बादलीवर बसला, कोट गळ्यापर्यंत बंद करून, हात पुढे करून.

बोनारियाने चाकू त्याच्या तळहातावर ठेवला.

त्याने तो उघडला, नखाने धारेवरून टोकापासून मुळापर्यंत हळूहळू चालत गेला. पोटापाशी थांबला. पुन्हा गेला, पुन्हा तिथेच थांबला. मग त्याने पात्याला जीभ लावली. एका बाजूने, दुसऱ्या बाजूने, जिभेच्या टोकाने, डोळे मिटून. पातं उघडताना नख अडकवायची जी बारीक खाच असते, तिथे त्याची जीभ अडली.

"इथे चव आहे," तो म्हणाला.

बोनारियाने चाकू हिसकावूनच घेतला आणि उजेडात धरला. खाचेच्या तळाशी, केसाएवढी, एक तपकिरी रेघ होती. इतके दिवस रोज सकाळी तिने पातं बघितलं होतं आणि ही रेघ तिला दिसली नव्हती.

"खाच घासून गुळगुळीत केली नाहीस," प्रेदू म्हणाला. "कानशीचे ओरखडे राहिले. मीठ तिथे बसलं."

"हो."

"आणि पोटाशी बसलीय धार."

"ते मला माहीत होतं."

"माहीत होतं आणि दगडाला लावली नाहीस?"

"लावायची होती," ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा फाटला की बाकिसने मान वर केली. "लावायची होती, बाब्बू. रोज लावायची होती. तुम्हाला काय वाटतं, मी दगडाची झालेय?"

प्रेदू बादलीवर मागे सरकला. त्याने हनुवटीने कापलेल्या कोकराकडे खूण केली. बाकिसने ते आकड्याला टांगलं. बोनारियाने खाच पुसली नाही, धार लावली नाही. मागच्या पायाच्या आतून पातं घातलं आणि कातडं मांसापासून सुटत खाली येऊ लागलं. टोकाने ते रेशमासारखं सुटत होतं. पात्याचं पोट लागायचं तिथे तिला जरा दाबावं लागे. कातडं कुठे फाटलं नाही, मांस कुठे कापलं गेलं नाही. म्हातारा कान देऊन ऐकत होता. चाकू कातड्याखालून जातो तेव्हा होणारा तो कागदासारखा आवाज. अख्खं कोकरू उतरेपर्यंत त्याने श्वासही मोठ्याने घेतला नाही.

"झालं," ती म्हणाली.

"ऐकलं."

"मग?"

"मग काय? दोन चुका आहेत."

"म्हणजे नाही?"

"उद्या भट्टी पेटव," प्रेदू म्हणाला आणि बाकिसने आपल्याला उठवावं म्हणून हात वर केला. "गुरुवारनंतर ऐरणीवर घाव घालता येणार नाही, ईस्टरपर्यंत देवळाच्या घंटाही गप्प होतील. बाकिस, थंडी वाजतेय मला. अजून किती वेळ मला बादलीवर बसवून ठेवणार आहेस?"

"हो म्हणा नाहीतर नाही म्हणा!" बोनारिया त्याच्या मागून ओरडली. रक्ताने कोपरापर्यंत लाल हात तिने आभाळाकडे उचलले. "एकदा तरी साधं उत्तर द्या या घरात!"

मंगळवारी भट्टी पेटली. शहरातून आणवलेल्या त्या पट्टीतला उरलेला तुकडा तिने घडवला, ठोकून पात्याचा आकार दिला. प्रेदू काठी टेकत आला आणि ऐरणीच्या पलीकडे उभा राहिला. ठसा तापल्या, अजून मऊ असलेल्या पोलादावर मारावा लागतो. एकदा पाणी पाजून कडक झालं की मग ते कोणाचंच ऐकत नाही. त्याने कोटाच्या खिशातून जपमाळेची डबी काढली, डबीतून ठसा काढला. आणि तिच्या हातात द्यायच्याऐवजी स्वतःच सांडशीत धरून पात्याच्या मुळाशी टेकवला.

"हॉटेलवाला ईस्टरनंतरच्या सोमवारी येणार," तो म्हणाला. "त्याला म्हणावं, कुंडी जमिनीवर ठेव. फुलांना फरक पडत नाही."

बोनारिया हातोडा घेऊन तशीच उभी राहिली.

"मार की. निवतंय."

"बाब्बू, तुमचा हात हलतोय."

"माझा हात दहा वर्षं हलतोय. मार."

"वाकडा उमटेल."

"बोनारिया, मी आंधळा आहे, बहिरा नाही. पोलाद काळं पडायला लागलंय, ऐकू येतंय मला. मार!"

तिने मारला. एकच घाव, जेवढा तिला येत होता तेवढा. सांडशी उडाली, प्रेदूचा हात थरथरत मागे आला, ठसा खणखणत फरशीवर गेला. दाराशी उभ्या असलेल्या बाकिसने पळत येऊन बापाचा दंड धरला. पातं निवलं. मग प्रेदूने अंगठा पुढे केला आणि चंडोलावरून फिरवला, चोच, पोट, शेपूट.

"वाकडा आलाय," तो म्हणाला.

"तुमचाच हात हलला!" बोनारियाच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने की कशाने ते तिलाही कळेना. "मी सांगत होते. मी धरला असता तर सरळ आला असता. आता हा वितळवून परत..."

"काही वितळवू नको." त्याचा अंगठा अजून पक्ष्यावरच होता. "माझे सगळे सरळ आलेत. हा वाकडा आहे ना, म्हणजे हा तुझा. आता पुढच्या प्रत्येकावर असाच वाकडा मार. तेवढाच, कमी नको, जास्त नको."

"मुद्दाम वाकडा मारू?"

"हो."

"जन्मभर?"

"जन्मभर," म्हातारा म्हणाला. "चल, पातं तापव. आणि स्तोत्र पहिल्यापासून म्हण, ते शेवटचं कडवं मला नीट ऐकायचंय."